पासष्ट की छप्पन्न?

फेब्रुवारीचा मध्य. सातारा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा, तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. मैदानात बांबूची काठी रोवायची होती, जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी. काठी सरळ उभी आहे की कललेली, हे कसं ठरवायचं यावरच दहा मिनिटं गेली. शेवटी एका मुलानं दोऱ्याला दगड बांधला आणि काठीशेजारी धरला. "वळंबा," तो म्हणाला. त्याचे वडील गवंडी आहेत.

मी त्या शाळेत दर बुधवारी जाते. शिकवायला म्हणण्यापेक्षा वर्गाच्या बाईंना हाताशी कुणीतरी असावं म्हणून. त्या दिवशीचा प्रश्न साधा होता. काठीची सावली सगळ्यात आखूड कधी होते? सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, बारा वाजता. का? तर तेव्हा सूर्य डोक्यावर येतो म्हणून. बाईंनी "बरोबर" म्हटलं नाही, "चूक"ही म्हटलं नाही. "बघू या," एवढंच म्हणाल्या. बारापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा, शिंप्याच्या टेपनं अंतर मोजायचं, एकानं आकडा ओरडून सांगायचा आणि तिसरीतल्या एका मुलीनं तो वहीत लिहायचा, असं ठरलं. मध्येच खिचडीची सुट्टी झाली. ताटल्या हातात घेऊन मुलं खड्यांशी येत होती.

वहीत आकडे पडत गेले ते असे : 56, 62, 60, 59, 60, 61. मुलं खूश. "बघा बाई, बाराचीच सगळ्यात लहान!" ठरलेलं उत्तर आलं होतं आणि आपण तिथंच थांबलो असतो तर एक चुकीची गोष्ट प्रयोगानं सिद्ध झाली म्हणून सगळे घरी गेले असतो. पण ओळंब्याचा मुलगा वहीकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. "ओ ताई, पण बाराचा खडा तर सगळ्यात लांब हाय."

सगळे वाकून बघायला लागले. खरंच, पहिला खडा सगळ्यात लांब होता. पुन्हा टेप लावली. पासष्ट. लिहिणाऱ्या मुलीनं कानानं "पासष्ट" ऐकलं होतं, आधी पाच आले म्हणून पाच लिहिले, मग साठातले सहा लिहिले. झाले छप्पन्न. कुणी तिला हसलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष आता भलत्याच गोष्टीकडे गेलं होतं : सावली बाराला नाही, पावणेएकच्या सुमाराला सगळ्यात आखूड झाली होती. तिनं स्वतःच 56 खोडलं, 65 लिहिलं आणि म्हणाली, "मग घड्याळ चुकलं का?"

मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका दुपारी घडलं. चूक झाली, ती वहीतच राहून गेली असती, आणि ती बाईंच्या लाल पेनानं दाखवली नाही, एका खड्यानं दाखवली. खेळातून, शोधातून गणित-विज्ञान शिकणं म्हणजे माझ्या लेखी हेच. चूक आहे हे सांगण्याचं काम माणसाकडून वस्तूकडे जातं. मग मूल बाईंच्या तोंडाकडे बघायचं थांबतं आणि समोरच्या गोष्टीकडे बघायला लागतं.

हे इतकं ठासून सांगायचं कारण असं की 'आनंददायी शिक्षण', 'कृतियुक्त शिक्षण', 'हसतखेळत' हे शब्द आपल्याकडे इतके वापरले गेलेत की त्यांचा अर्थ झिजला. पाढ्यांना चाल लावली, झालं हसतखेळत. भिंतींवर अंकांची झाडं रंगवली, झालं कृतियुक्त. विज्ञान प्रदर्शनात आईवडिलांनी रात्र जागून केलेला ज्वालामुखी मांडला, मुलानं पाठ केलेलं भाषण म्हटलं. यात वाईट काही नाही. रंगवलेली भिंत रिकाम्या भिंतीपेक्षा केव्हाही चांगली. पण अशा वर्गात बसून बघा. प्रश्न बाईंचा असतो, उत्तर बाईंना माहीत असतं, आणि मूल त्या उत्तराचा अंदाज बांधत असतं. गणितमाळेवरचे मणी बाई सरकवतात, मुलं बघून आकडा म्हणतात. माळ वर्गात आहे, पण ती मुलाच्या हातात नाही. हातात आली की काय होतं तेही बघा : पासष्ट मणी वेगळे करायचे आणि छप्पन्न मणी वेगळे करायचे, दोन्ही ढीग शेजारी ठेवायचे. त्यानंतर ही अदलाबदल फार दिवस टिकत नाही, कारण त्या दोन आकड्यांमधला नऊ मण्यांचा फरक डोळ्यांना दिसलेला असतो.

आता त्या अदलाबदलीविषयी, कारण ती फक्त त्या एका मुलीची नाही. मराठीत एकवीसपासून पुढे आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून. लिहिताना मात्र दशक आधी. बासष्ट ऐकून 26 लिहिणारं मूल दुर्लक्ष करत नसतं, उलट ते नीट ऐकून ऐकलेल्या क्रमानं लिहीत असतं. शेजारच्या कन्नडमध्ये, तेलुगूत, तमिळमध्ये हा घोळ नाही, तिथे एकवीसला 'वीस-एक' याच क्रमानं म्हणतात. जर्मन मुलांना मात्र आपल्यासारखाच उलटा क्रम पेलावा लागतो. त्यात आपल्याकडे त्रेसष्ट, त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव असे जोडाक्षरांचे डोंगर.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात म्हणूनच रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांनी वारंवार सांगितलं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत, मुलांना सोपं जाईल ते त्यांनी वापरावं. तरी महाराष्ट्रभर वादळ उठलं. भाषेचा गळा घोटला, इंग्रजीची नक्कल केली, इथपासून विधानसभेतल्या कोट्यांपर्यंत सगळं झालं. आपल्या भाषेवर प्रेम असणाऱ्या माणसांना वाईट वाटलं हे मी समजू शकते. मलाही 'एकोणसाठ' हा शब्द जायला नको आहे. पण त्या दोन-तीन आठवड्यांत मला ज्याचं दुःख झालं ते वेगळंच होतं. एवढी मोठी माणसं सहा-सात वर्षांच्या मुलांच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होती आणि त्यातल्या फार थोड्यांनी एखाद्या मुलाला जवळ बसवून "बाळा, त्रेचाळीस लिही बरं" असं म्हणून बघितलं असेल. प्रश्न मुलांच्या समजुतीचा होता आणि चर्चा आपल्या अस्मितेची झाली.

माझं मत विचाराल तर दोन्ही हवं. सुरुवातीला 'साठ पाच' म्हणावं, दशकांचे गठ्ठे आणि सुटे हातात घेऊन म्हणावं. ते पक्कं झालं की 'पासष्ट' आपसूक बसतं. आणि रूढ नावांतही गणित दडलेलं आहे, ते मुलांना शोधू द्यावं. त्या दिवशीच्या आकड्यांत 60 नंतर 59 आलं. "एकोणसाठ म्हणजे काय गं?" असं विचारल्यावर मुलं गप्प. 'उणे' शब्द मी फळ्यावर लिहिला. थोड्या वेळानं एकीनं डोळे मोठे केले. "साठाला एक कमी! सावली एकानं कमी झाली!" मग एकोणवीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी रांग लागली, आणि नव्याण्णवपाशी सगळे अडकले. ते 'एकोणशंभर' का नाही? या प्रश्नावर मी त्यांना काही सांगितलं नाही. तो त्यांच्याकडेच राहू दिला. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी येत होती, म्हणजे पावपट ते साडेतीनपटीचे पाढे तोंडपाठ. ही भाषा अपूर्णांकांनी खच्चून भरलेली आहे. तिसरीतलं मूल 'पावणेएक' आणि 'साडेबारा' रोज बोलतं आणि त्याच्या दोन वर्षांनी अपूर्णांकाला घाबरतं. हा दोष भाषेचा नाही.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात वजनदार आक्षेप गरीब घरातल्या पालकांचा आहे आणि मी तो नेहमी मान खाली घालून ऐकते. "आमची पोरं खेळतातच की बाई. शाळेत तरी त्यांना शिकवा. पाढे घ्या, बेरजा-वजाबाक्या घ्या." यात तथ्य आहे. 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं, त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेलविजेते अर्थतज्ज्ञही होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं बघितली गेली. अडनिड्या मापांत भाजी घेतली तरी ही मुलं तोंडी हिशोब पटकन आणि बरोबर करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळली. आणि फक्त शाळेत जाणारी मुलं नेमकी उलटी : वहीतलं गणित त्यांना जास्त जमत होतं, बाजारातल्या हिशोबात ती मागे पडत होती. म्हणजे नुसता व्यवहार पुरत नाही आणि नुसती वहीही पुरत नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि तो बांधणं हेच शिक्षकाचं काम.

म्हणून मुलांना मैदानात सोडून द्या, ती आपोआप सगळं शोधतील, असं मी म्हणत नाही. आठ वर्षांचं मूल आपणहून दशमान पद्धत शोधणार नाही. ती शोधायला माणसाला हजारो वर्षं लागली. त्या दुपारी काठी रोवायची कल्पना बाईंची होती, पंधरा मिनिटांचं अंतर बाईंनी ठरवलं होतं, वहीत रकाने बाईंनी पाडून दिले होते. शिक्षकाची तयारी अशा वर्गात कमी लागत नाही, दुप्पट लागते. आणि पाढेही हवेतच. बारा नव्वे एकशे आठ हे क्षणात आठवलं तर डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं. फक्त पाढा पाठ होण्याआधी तो एकदा तरी चिंचोक्यांच्या ओळींत मांडून बघितलेला असावा. तीन ओळी चारच्या आणि चार ओळी तीनच्या, दोन्हींत चिंचोके तेवढेच हे ज्याच्या डोळ्यांनी बघितलं, त्याचं अर्धं पाठांतर तिथंच कमी होतं.

नुसत्या घोकंपट्टीनं काय साधलंय तेही समोर आहे. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या दर शंभर मुलांपैकी साधारण एकतीस मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं. पाच वर्षं उदाहरणं सोडवून ही अवस्था. वर ही मुलं पाढे म्हणत असतात, अगदी सुरात.

दुसरा आक्षेप वेळेचा. पोर्शन कसा पूर्ण होणार? हा प्रश्न शिक्षक विचारतात तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सावलीच्या एका प्रश्नाला आमचे दोन पूर्ण तास आणि दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास गेला. त्यात मापन झालं, दशक-एकक झालं, वजाबाकी झाली, वेळ वाचणं झालं, सूर्याचं भ्रमण झालं, नोंद करणं झालं. पण धड्यांच्या यादीत एकाच धड्यापुढे बरोबरची खूण करता आली. यादीच तशी आहे. त्यात भर म्हणजे वरून सतत काहीतरी मागवलं जातं : अमुक दिन साजरा केल्याचे फोटो, तमुक ॲपवर माहिती, लिंक भरा, आजच भरा. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक या कामात गेला की दुसऱ्याकडे चार इयत्ता उरतात. तिथे काठी कोण रोवणार?

आणि गंमत म्हणजे हे सगळं कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009. त्याच्या 29 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की शिक्षण कृतींमधून, शोध घेण्यातून, मुलाला केंद्रस्थानी ठेवून झालं पाहिजे. 27 व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपायचं नाही. ही दोन कलमं एकमेकांना बांधलेली आहेत हे आपण विसरतो. 27 वं पाळलं नाही तर 29 वं पाळायला कुणाकडे वेळच उरत नाही.

काम करून दाखवणारी माणसं या देशात, या राज्यात कमी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली, आणि पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य केलं. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो सहावी ते आठवीचा होता, पण त्यातली एक गोष्ट आपण पहिलीपासून उचलावी अशी आहे : त्यांच्या परीक्षेला मुलं पुस्तक उघडून बसू शकत आणि परीक्षेत प्रयोगही करावे लागत. नुसतं शिकवणं बदलून भागत नाही, विचारणंही बदलावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तीस वर्षांनी, 2002 मध्ये, तो कार्यक्रम सरकारनं बंद केला. त्याच कार्यक्रमातून ज्यांना दिशा मिळाली ते अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या यांतून त्यांनी शेकडो खेळणी केली. काड्या आणि ट्यूबचा त्रिकोण दाबून बघा, तो आकार सोडत नाही. चौकोन दाबा, लगेच कलतो. पूल आणि छपराच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात हे सांगायला मग पान भरून मजकूर लागत नाही. खर्च म्हणाल तर काही रुपयांचाच. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं प्राथमिक वर्गांसाठी 'हलकं-फुलकं विज्ञान' तयार केलं, तेही मराठीत आहे.

तेव्हा ज्ञान नाही, साहित्य नाही, पैसा नाही ही कारणं मला पटत नाहीत. कमी आहे ती मोकळीक. माझी मागणी चौथीपर्यंतच्या वर्गांपुरती आहे आणि ती अगदी साधी आहे. गणित आणि परिसर अभ्यासाचा पोर्शन सरळ एक तृतीयांशानं कमी करा. वर्षाच्या मूल्यमापनात एक तरी गोष्ट अशी ठेवा की जी मुलाला हातानं करून, मोजून सांगावी लागेल, आणि गुण उत्तराला न देता त्यानं कसं मोजलं, चूक कशी पकडली याला द्या. केंद्रप्रमुख वर्गात आले तर त्यांनी भिंती बघू नयेत, मुलांनी विचारलेले प्रश्न मोजावेत. शाळेला वर्षाकाठी टेप, तराजू, भिंगं, दोरा आणि घड्याळ एवढं मिळावं, कुलपाच्या कपाटात नाही तर मुलांच्या उंचीच्या फळीवर. भिंग फुटलं तर शिक्षकाच्या पगारातून जाणार नाही हेही लिहून द्यावं, कारण त्या भीतीनंच पेट्या बंद राहतात.

शहरातल्या पालकांनाही एक सांगायचं आहे. हजारो रुपयांची 'स्टेम किट' घरी आणायची, कोडिंगच्या वर्गाला घालायचं, आणि मूल स्वयंपाकघरात येऊन "पापड तळल्यावर मोठा का होतो?" असं विचारायला लागलं की "मध्ये मध्ये करू नकोस" म्हणून बाहेर घालवायचं, हे मी अनेक घरांत बघते. पोळ्यांच्या कणकेला किती पाणी लागलं हे वाटीनं मोजायला द्या. ठिपक्यांच्या रांगोळीत पाच ओळींना पाच ठिपके तर एकूण किती, एक ओळ वाढवली तर किती वाढले, हे मुलाला विचारू नका, रांगोळी त्याच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. मलाही ते अजून नीट जमत नाही, बाईंना जमतं.

"घड्याळ चुकलं का?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी शोधलं. चेंडू आणि बॅटरी घेऊन. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, तो रेखांश आपल्या बराच पूर्वेला आहे, तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. एक अंशाला चार मिनिटं. साताऱ्याचा रेखांश साधारण चौऱ्याहत्तर. चौथीच्या मुलांनी चौतीस मिनिटं काढली. "मग पावणेएक कसे?" ओळंब्यावाला लगेच म्हणाला. वरची दहा-पंधरा मिनिटं उरली होती. ती तशीच ठेवून आम्ही तास संपवला.

आपल्याकडे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात, वर्षातून दोनदा सूर्य खरोखर बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. साताऱ्याकडे एकदा मेच्या दहा तारखेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ. हे मी वर्गात सहज बोलून गेले होते आणि विसरलेही होते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच बुधवारी, 65 च्या जागी 56 लिहिणारी ती मुलगी, आता चौथीत गेलेली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात वहीचा घडी घातलेला कागद. वर तारीख, 10 मे. खाली तीन ओळी : 12.20 ला 4. 12.30 ला 0. 12.40 ला 4. काठी तिनं आज्जीच्या परसात रोवली होती. शून्याभोवती तिनं निळ्या पेनानं दोनदा गोल केला होता.

"ताई," ती म्हणाली, "तवा पावणेएकला झाली होती ना सगळ्यात लहान? मग आता साडेबारालाच कशी?"

आता दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, ऊन असेल तर, काठी रोवायची असं त्या वर्गानं ठरवलंय. खडे एका डब्यात भरून फळीवर ठेवलेत.